सांडपाण्याची परीक्षा आणि विरारचे चार बळी

९ एप्रिल २०२४ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. त्या दिवशी विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटी या वसाहतीत खाजगी सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या टाकीत चार तरुण कामगार गुदमरून मेले. दारोदारी गुढ्या उभ्या होत्या आणि त्याच इमारतींच्या पायाखाली, त्याच घरांतून आलेल्या मैल्याच्या टाकीतून चार प्रेते बाहेर काढली जात होती. नेहमीप्रमाणे गुन्हा नोंदला गेला, नुकसानभरपाईची चर्चा झाली, सुरक्षेची साधने दिली होती की नव्हती याचा वाद झाला. ते सारे आवश्यकच होते. परंतु एक प्रश्न त्या गदारोळात कोणी ठासून विचारला नाही. ज्या यंत्रणेला 'शुद्धीकरण प्रकल्प' म्हणतात, ती शुद्धीकरण करते की नाही, हे आजवर कोणी, कधी आणि कसे तपासले?

हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही. नीट चालणाऱ्या यंत्रणेची निगा बाहेरून, यंत्राने व वेळच्या वेळी राखता येते. बिघडलेल्या यंत्रणेत अखेर माणूस उतरवला जातो. टाकीची परीक्षा होत नाही तेव्हा त्या परीक्षेला कामगाराचा जीव बसवला जातो, असेच म्हणावे लागेल.

सार्वजनिक कर्तव्याची खाजगी टाकी

वसई-विरारची वाढ कशी झाली हे या भागातील कार्यकर्त्यांना सांगावयास नको. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्टा बिल्डरांना खुला करण्याचे धोरण आले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. विहिरींवर, बावखलांवर आणि केळीच्या बागांवर जगणाऱ्या या भूमीला एवढ्या वस्तीचा भार सोसणार नाही, हे त्या आंदोलनाचे म्हणणे होते. ते ऐकले गेले नाही. इमारती आधी आल्या, पाणी टँकरने आले, आणि गटारे कागदावर राहिली. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा तिच्या वाट्याला असे शहर आले की ज्याचे पोट भरण्याची सोय अर्धवट होती आणि मलविसर्जनाची जवळजवळ नव्हतीच.

हिशेब साधा आहे. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातील ८० टक्के सांडपाणी, हे नगररचनेतील सर्वमान्य प्रमाण लावले तर रोजचे सांडपाणी १३ कोटी २० लाख लिटरच्या घरात जाते. महापालिकेकडे दीर्घकाळ बोळींजचे एकच केंद्र होते. त्याची क्षमता रोज ३ कोटी लिटर, म्हणजे एक चतुर्थांशाहूनही कमी. २०११ नंतर वस्ती थांबलेली नाही. सूर्या प्रादेशिक योजनेतून या शहरासाठी रोज १८ कोटी ५० लाख लिटर पाण्याची तरतूद आहे. त्या पाण्याचे स्वागत झाले पाहिजे. पण नळाने आत येणारे पाणी मोरीने बाहेर जाते, आणि त्याच प्रमाणाने त्यातून रोज सुमारे १५ कोटी लिटर सांडपाणी होईल. मृणालताई गोऱ्यांना मुंबईने 'पाणीवाली बाई' म्हटले, कारण पाण्यासाठी रस्त्यावर उतरण्याचे धाडस त्यांनी सामान्य बायांना दिले. आलेले पाणी पुढे कोठे जाते, या प्रश्नावर तसा मोर्चा मात्र निघालेला नाही.

ही पोकळी भरून काढण्यासाठी शासनाने सोपी युक्ती शोधली. २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर व त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते, आणि अशा मंजुरीत बिल्डरने आपल्या आवारातच शुद्धीकरण यंत्रणा उभारावी अशी अट असते. ही अट मुळात वाईट नाही. जेथे सांडपाणी निर्माण होते तेथेच ते शुद्ध करून झाडांना व शौचकूपांना वापरणे शहाणपणाचेच आहे. महाराष्ट्राला ही कल्पना परकीही नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाकीतील वायू गोळा करून वापरण्याचा प्रयोग झाला होता. कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करून भंगीकामाची अमानुषता संपवण्याचा ध्यास घेतला. हेच अप्पासाहेब १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याच्या हक्कासाठी उपोषणाला बसले होते आणि त्यांना पाठिंबा म्हणून गांधीजींनीही अन्न सोडले होते. छोट्या यंत्रणेमागचा त्यांचा हेतू माणसाची मैल्यातून सुटका करण्याचा होता. आज त्याच छोट्या यंत्रणेच्या तळाशी माणूस ढकलला जातो.

दोष यंत्रणेच्या लहानपणात नाही, जबाबदारीच्या व्यवस्थेत आहे. बिल्डर कमीत कमी खर्चात टाकी बांधतो, कारण ती विकत घेणारा ग्राहक ती पाहत नाही. तो दिवाणखाना आणि खिडकीतील दृश्य पाहतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाले की बिल्डरचा संबंध संपतो. यंत्रणा गृहनिर्माण संस्थेच्या गळ्यात पडते. संस्था सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारते. ठेकेदार त्या दरात बसेल अशा मजुरीने माणसे आणतो. या साखळीत प्रत्येकाने खर्च खालच्या माणसाकडे सरकवला आहे, आणि शेवटच्या माणसाला सरकवण्यासाठी खाली फक्त टाकी उरते.

एका बाटलीची परीक्षा

आता परीक्षेकडे वळू. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांना नमुने घेण्याचा अधिकार दिला आहे. केंद्र शासनाच्या १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत शुद्ध केलेल्या पाण्याची मानके आहेत: जैविक प्राणवायूची मागणी, ज्याला सर्वत्र बीओडी म्हणतात, ती मोठ्या महानगरांत लिटरमागे २० मिलिग्रॅम व इतरत्र ३० मिलिग्रॅमच्या आत असावी. ३० एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ही मर्यादा १० मिलिग्रॅमवर आणण्याचा आदेश दिला. म्हणजे कायदा आहे, मानक आहे, अधिकारी आहे. मग उणीव कशाची?

उणीव परीक्षेच्या स्वरूपात आहे. एका विशिष्ट क्षणी नळातून भरलेली बाटली त्या क्षणापुरतेच सांगते. महिन्याचे ७२० तास असतात. नमुना घेण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. अधिकारी येणार हे आधी कळले तर आदल्या दिवसापासून हवेचे यंत्र चालू ठेवता येते, टाकी उपसून घेता येते आणि वेळ पडली तर नळाचे पाणी मिसळता येते. वर्षभर वर्गात न बसलेल्या विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका आदल्या रात्री देण्यासारखेच हे आहे. अशा परीक्षेतून प्रमाणपत्र मिळते, ज्ञान मिळत नाही.

जगात ही परीक्षा कशी होते ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत घरगुती यंत्रणांसाठी एनएसएफ ४० नावाचे मानक आहे. त्यात यंत्रणा २६ आठवडे चालवून २४ तासांचे मिश्र नमुने घेतले जातात. एवढ्यावर भागत नाही; यंत्रणेला मुद्दाम त्रास दिला जातो. धुण्याच्या दिवशी एकदम जास्त पाणी सोडतात. सकाळी आणि संध्याकाळीच पाणी येईल अशी नोकरदार घरांची स्थिती निर्माण करतात. ४८ तास वीज तोडतात. सुट्टीत घर बंद असल्याप्रमाणे ८ दिवस पाणीच देत नाहीत. युरोपातील मानकात हीच परीक्षा ३८ आठवडे चालते. जपानने १९८३ साली 'जोकासो' या घरगुती शुद्धीकरण टाक्यांसाठी स्वतंत्र कायदाच केला. त्यानुसार टाकी वापरात आल्यावर काही महिन्यांत पहिली तपासणी आणि पुढे दरवर्षी एक तपासणी सक्तीची आहे. ती बांधणाऱ्याने किंवा चालवणाऱ्याने नव्हे, तर प्रांताच्या राज्यपालाने नेमलेल्या संस्थेने करावयाची असते. अमेरिका आणि जपान हे काही समाजवादी देश नव्हेत. तेथील भांडवलशाहीलाही जे टाळता आले नाही, ते आपल्याकडील भांडवलशाही सहज टाळते, कारण येथे तिला जाब विचारणारे कोणी नाही.

येथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. परदेशातील या परीक्षा मुख्यत: कारखान्यात बनलेल्या, एका साच्याच्या छोट्या यंत्रणांच्या आहेत. विरारच्या वसाहतींतील टाक्या जागेवर बांधलेल्या असतात. प्रत्येकीचा आकार, खोली आणि भार निराळा. म्हणून एका टाकीचे प्रमाणपत्र दुसरीला चालणार नाही. प्रत्येक टाकीची परीक्षा तिच्या जागी, तिच्या रहिवाशांच्या जीवनक्रमाप्रमाणे व्हावयास हवी.

तो जीवनक्रम कसा आहे? विरारचा माणूस पहाटे उठतो, कारण त्याला गर्दीच्या आधीची लोकल गाठायची असते. त्यामुळे दिवसाच्या सांडपाण्याचा मोठा लोंढा उजाडण्याच्या सुमारास येतो, आणि नमुना घेणारा अधिकारी आलाच तर दुपारी येतो. गणपतीत आणि मे महिन्यात निम्मी वस्ती कोकणात गावी जाते. तेव्हा टाकीतील जीवाणू उपाशी राहतात, आणि मंडळी परतली की त्यांच्यावर एकदम भार पडतो. नव्या इमारतींत पहिली काही वर्षे निम्मी घरे रिकामीच असतात. ५०० घरांसाठी बांधलेली टाकी १०० घरांवर तपासली तर ती उत्तीर्ण होईल यात नवल कसले? पावसाळ्यात जमिनीतील पाणी भेगांतून आत शिरते आणि वीज जाते. खरी परीक्षा पहाटेच्या लोंढ्याची, गणपतीच्या सुट्टीची, जुलैच्या मुसळधारेची आणि वीज गेलेल्या रात्रीची असली पाहिजे. अमेरिकेच्या मानकातील युक्ती उसनी घेण्याचीही गरज नाही; विरारचे आयुष्यच ती परीक्षा रोज घेते आहे. फक्त गुण मांडणारा कोणी नाही.

बचत कोणाची, किंमत कोणाची

हवेचे यंत्र बंद ठेवले जाते ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. त्यामागचे अर्थशास्त्र समजून घेतले पाहिजे. ५०० घरांची वसाहत घ्या. घरटी साडेचार माणसे धरली तर वर सांगितलेल्या प्रमाणाने रोज सुमारे २४० घनमीटर सांडपाणी होते. घनमीटरमागे एक युनिट वीज आणि युनिटला १० रुपये धरू. रोजचे २,४०० रुपये, महिन्याचे ७२,००० रुपये. घरामागे १४४ रुपये. आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी निष्कर्ष बदलत नाही. रक्कम घराला जड नाही. परंतु संस्थेच्या ताळेबंदात ७२,००० हा ठळक आकडा दिसतो, आणि यंत्र रात्री बंद ठेवले तर त्यातील मोठा भाग वाचतो. वाचवणाऱ्याला लगेच शाबासकी मिळते. नुकसान मात्र त्या ताळेबंदात कोठेच दिसत नाही, कारण ते दुसऱ्याच्या दारी जाते.

ते कोणाच्या दारी जाते? नाल्याने ते खाडीत जाते, आणि खाडीवर पोट असलेल्या कोळ्याच्या जाळ्यात जाते. आगाशी-अर्नाळ्याच्या बाजूला वाडीवाल्याच्या विहिरीचे पाणी बिघडले तर त्याला विकत पाणी घ्यावे लागते. नालासोपाऱ्याच्या चाळीत, जेथे टाकीच नाही आणि नाला दाराशी वाहतो, तेथे ते पुराच्या दिवशी घरात शिरते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला बाह्य परिणाम म्हणतात. साध्या मराठीत याला दुसऱ्याच्या ताटात आपले खरकटे टाकणे म्हणतात.

आणि ते टाकीच्या तळाशीही जाते. हवा मिळाली नाही की जीवाणू मरतात, गाळ सडतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खोल टाकीत साचून राहतो. थोड्या प्रमाणात त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. पण हवेच्या दशलक्ष भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला की घ्राणेंद्रियच बधिर होते आणि वास येईनासा होतो. ज्या क्षणी धोका सर्वाधिक, त्याच क्षणी सूचना बंद होते. पहिला कामगार कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. अशा दुर्घटनांत हेच वारंवार घडत आले आहे. ग्लोबल सिटीच्या टाकीत नेमके काय घडले हे ठरवणे तपासयंत्रणेचे काम आहे. पण मे २०१९ मध्ये ठाण्याच्या ढोकाळीत एका गृहसंकुलाच्या शुद्धीकरण प्रकल्पात तीन कामगार मेले, आणि त्याच महिन्यात नालासोपाऱ्यात मैल्याची टाकी साफ करताना तीन मेले. एकाच प्रकारचा अपघात पुन:पुन्हा घडतो तेव्हा त्याला अपघात म्हणणे ही भाषेची फसवणूक होय.

२०१३ च्या कायद्याने गटारे व मलटाक्यांची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या वारसांना १० लाख रुपये देण्याचे ठरवले आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम ३० लाख केली. न्यायालयाने आपले काम केले. पण भरपाई ही मरणानंतरची गोष्ट आहे. जोवर यंत्रणा नीट चालवण्यापेक्षा ती बिघडू देणे स्वस्त आहे, तोवर टाक्या भरत राहतील आणि माणसे उतरत राहतील.

'संस्थेची जबाबदारी' हा बहाणा

यावर अधिकाऱ्यांचे ठराविक उत्तर असते: यंत्रणा खाजगी आहे, जबाबदारी संस्थेची आहे, आमच्याकडे मनुष्यबळ नाही. यातील पहिला भाग अर्धसत्य आहे. आवार खाजगी असेल. नाला, खाडी आणि भूजल खाजगी नाही. उपाहारगृहही खाजगीच असते, म्हणून तेथील अन्नाची तपासणी कोणी सोडून देत नाही. मनुष्यबळाचा प्रश्न खरा आहे, पण तो नशिबाने आलेला नाही. पदे न भरण्याचा तो निर्णय आहे. आणि तो जाब विचारायला सभागृहही नव्हते. चार कामगार मेले तेव्हा २०२० पासून ही महापालिका प्रशासकाच्याच हाती होती.

दुसरा आक्षेप मध्यमवर्गीय सहानुभूतिदारांकडून येतो: कर्ज काढून घर घेतलेल्या रहिवाशावर आणखी बोजा कशाला? हा आक्षेप धुडकावण्यासारखा नाही. बिल्डरने माथी मारलेली निकृष्ट यंत्रणा चालवण्याचा दंड रहिवाशाने का भरावा? पण त्याचे उत्तर परीक्षा टाळण्यात नाही, परीक्षा वेळेवर घेण्यात आहे. वसाहत पूर्ण भरल्यावर, सर्व ऋतूंतून एक वर्ष यंत्रणा उत्तीर्ण होईपर्यंत बिल्डरची अनामत महापालिकेने अडकवून ठेवली, तर निकृष्ट टाकीचा खर्च तिच्या निर्मात्यावर पडेल. परीक्षा ही रहिवाशाचीच ढाल आहे.

मागण्या आणि काम

मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. शहरातील प्रत्येक खाजगी शुद्धीकरण यंत्रणेची क्षमता, बांधणारा, चालवणारा ठेकेदार आणि तपासणीचे निकाल यांची सार्वजनिक नोंदवही महापालिकेने ठेवावी आणि ती मागेल त्याला दाखवावी. तपासणी पूर्वसूचनेशिवाय, २४ तासांच्या मिश्र नमुन्यावर व्हावी. त्यात पहाट आणि पावसाळा आलाच पाहिजे. तपासणीचा खर्च घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे चढत्या दराने घ्यावा. चाळी व झोपडवस्त्या त्यातून मुक्त असाव्यात. हवेच्या यंत्राला स्वतंत्र वीजमीटर बसवावा, कारण बंद यंत्राचे वीजबिल खोटे बोलत नाही. कोणत्याही कारणास्तव माणसाला टाकीत उतरवणे बंद झाले पाहिजे. गाळ उपसण्याची यंत्रे महापालिकेने ठेवावीत आणि मागणीप्रमाणे पुरवावीत. यंत्रणा चालवणारा कामगार प्रशिक्षित, कायम आणि किमान वेतनाचा हक्कदार असावा.

हे होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. बीओडीच्या तपासणीला प्रयोगशाळा लागते. आपल्या देशातील पद्धतीत नमुना २७ अंश तापमानात तीन दिवस ठेवावा लागतो. पण यंत्रणा जिवंत आहे की मेलेली, हे कळायला एक लिटरचे मोजपात्र पुरते. चालत्या यंत्रणेच्या हवेच्या टाकीतील पाणी, चालकाकडून बाहेरूनच काढून घेऊन, त्यात भरावे आणि अर्धा तास स्थिर ठेवावे. तपकिरी गाळ खाली बसून वरचे पाणी नितळ झाले तर यंत्रणा काम करते आहे. गाळ काळा पडला असेल, दुर्गंधी सुटली असेल किंवा पाणी गढूळच राहिले असेल तर ती बिघडली आहे. ही अभियंत्यांचीच रोजची चाचणी आहे. ती शिकायला पदवी लागत नाही.

विरार-नालासोपाऱ्यात आपले अनेक सहानुभूतिदार गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांवर आहेत. त्यांनी आपल्या संस्थेत हे मोजपात्र आणावे, दर आठवड्याची नोंद फाटकावरील फळ्यावर लिहावी, हवेच्या यंत्राचे वीजबिल वार्षिक सभेत वाचून दाखवावे आणि ठेकेदाराच्या करारात 'माणूस उतरणार नाही' ही अट घालावी. नोंदी जमल्या की त्या घेऊन महापालिकेच्या दारात जावे. निवेदनाला केराची टोपली दाखवता येते. शंभर संस्थांच्या वर्षभराच्या नोंदींना तितक्या सहजपणे दाखवता येणार नाही. आणि त्या मोर्चात फ्लॅटवाला, चाळवाला, कोळी, वाडीवाला आणि सफाई कामगार एका रांगेत असले पाहिजेत, कारण एकाच नाल्याने त्यांना आधीच जोडलेले आहे.